घारापुरीचे बेट

श्रोतेहो, आपण तापीकाठची माणसे. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला असतो तो मुंबईला काही कामासाठी गेल्यावर, आणि तोही चौपाटीवर उभे राहून. पुढच्या खेपेला एक दिवस हाताशी ठेवा आणि गेटवेच्या धक्क्यावरून लाँचने घारापुरीला जा. तासाभराचा प्रवास आहे. बेट मुंबईच्या समोर दिसते, पण मोडते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात.

बाहेरचे लोक त्याला 'एलिफंटा' म्हणतात. आमच्या कॉलेजची सहल गेली, तेव्हा धक्क्यावर उतरताच एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हत्ती कुठाय?" प्रश्न अगदी रास्त होता. राजबंदराजवळ खरोखरच एक मोठा दगडी हत्ती होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाचे नाव पाडले. 1814 साली त्याची मान तुटून पडली. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून तो मुंबईत भायखळ्याच्या बागेत उभा केला. आज तो तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे हत्तीचे नाव बेटाला चिकटले आणि हत्ती मात्र मुंबईकर झाला!

हत्ती निदान डोळ्यांना दिसतो तरी. शिलालेखाचे नशीब त्याहून वाईट. 1534 मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यांचाच बखरकार दियोगो दो कोतो लिहून ठेवतो, की लेण्यातला एक कोरीव लेखाचा दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिथे तो कुणाला वाचता आला नाही, आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. एवढे अचाट काम कुणी करवले हे कदाचित त्या एका दगडावर लिहिलेले असेल. मला विचाराल तर मूर्ती फुटल्या त्यापेक्षाही हे नुकसान मोठे.

मग उरतात तर्क. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची पुष्कळ लहान नाणी सापडली. हा राजा सहाव्या शतकातला, आणि त्याचे घराणे माहिष्मतीचे, म्हणजे आपल्या सातपुड्यापलीकडच्या नर्मदाकाठचे. त्याचीच चांदीची नाणी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातही मिळाली आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या घराण्याचे लेख 1955 साली एकत्र प्रसिद्ध केले. मुख्य लेणे कलचुरींच्या काळातले, असे त्यांच्याप्रमाणे आज बरेच अभ्यासक मानतात. तसे असेल तर, मंडळी, हे बेट आपल्याला वाटते तितके परके नाही.

धक्क्यापासून शंभरावर पायऱ्या चढल्या, की मुख्य लेणे येते. ते तीन बाजूंनी उघडे आहे, त्यामुळे उजेड आडवातिडवा आत येतो. समोरच्या भिंतीत सुमारे 18 फुटांची ती प्रसिद्ध मूर्ती. तिला त्रिमूर्ती म्हणतात खरे, पण ती ब्रह्मा-विष्णु-महेशाची नव्हे, बरं का. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत: आपल्या डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे कोमल वामदेव आणि मधे डोळे मिटलेला शांत चेहरा. घाईने फोटो काढून निघू नका. पाच मिनिटे नुसते उभे राहा. मग अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज आणि लाजून मान खाली घातलेली नवरी पार्वती पाहा. कित्येक मूर्तींचे पाय तुटलेले आहेत. पोर्तुगीज शिपाई त्यांच्यावर नेम धरण्याचा सराव करीत, असे सांगतात.

बहुतेक प्रवासी एवढे पाहून परततात. पण बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. तिथल्या लोकांना मुंबईचा झगमगाट रोज रात्री समोर दिसे, आणि स्वतःच्या घरात मात्र संध्याकाळचे काही तास जनरेटरची वीज. समुद्रतळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये! जगाने 1987 साली जागतिक वारसा म्हणून मान दिलेल्या बेटाची ही गोष्ट.

सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे ध्यानात ठेवा. इतर दिवशी सकाळची लाँच धरलीत, तर तोफांची टेकडी चढता येईल आणि पलीकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेषही पाहता येतील. तिकडे गर्दी फारशी नसते. वाट गावातल्या कुणालाही विचारा. आणि विचारताना 'एलिफंटा' म्हणू नका, घारापुरीच म्हणा.