दोन सत्तांच्या मध्ये

१७९० सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात एका पाहुण्याचे थाटाने स्वागत झाले. न्यूयॉर्क ही तेव्हा अमेरिकेच्या नवजात संघराज्याची राजधानी होती. आणि पाहुणा होता क्रीक राष्ट्राचा पुढारी अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे. त्याचा पिता स्कॉटिश व्यापारी. परंतु क्रीक लोकांत कूळ मातेकडून चालते. माता वायुकुळातील, म्हणून तो क्रीकच मानला गेला.

क्रीकांची भूमी मुख्यतः आजच्या जॉर्जिया व अलाबामा या राज्यांत होती. १७८३ च्या पॅरिसच्या तहाने इंग्लंडने त्या प्रदेशावरील हक्क सोडला. त्या वेळी तेथील मूळ रहिवाशांना कोणी विचारलेदेखील नाही. एकीकडून जॉर्जियाचे वसाहतवाले जमिनीच्या लोभाने पुढे सरकत होते. दुसरीकडे फ्लॉरिडात स्पेनची सत्ता होती. मॅकगिलिव्हरेने १७८४ साली पेन्साकोला येथे स्पेनशी तह केला आणि व्यापाराची वाट मोकळी ठेवली. या मार्गाने आलेल्या दारूगोळ्यावरच क्रीकांचा प्रतिकार उभा होता.

अध्यक्ष वॉशिंग्टन यांना हे युद्ध परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी दूत पाठवून मॅकगिलिव्हरेला सन्मानाने बोलावून घेतले. ७ ऑगस्ट १७९० रोजी तह झाला. ओकोनी नदीच्या पूर्वेकडील भूमी क्रीकांनी सोडली. उरलेल्या भूमीची हमी संघराज्याने दिली. गुप्त कलमांनी मॅकगिलिव्हरेला ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा व वर्षाला १२०० डॉलर वेतन मिळाले. स्पेनचे वेतन तर तो आधीपासूनच घेत होता! १७९२ साली तो पुन्हा स्पेनकडे झुकला आणि पुढच्याच वर्षी पेन्साकोला येथे निवर्तला.

त्याला दुटप्पी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याच्यापाशी तोफा नाहीत, त्याने बलवंतांच्या परस्पर मत्सराचीच ढाल करावी, यात नवल ते काय? दोष होता तो त्या ढालीत. कारण ती परक्यांच्या हाती होती. १७९५ साली स्पेन व अमेरिका यांचा समेट झाला. एकाच्या हद्दीतील इंडियन राष्ट्रांशी दुसऱ्याने सख्याचे तह करू नयेत, असे त्यांनी ठरविले. या वेळीही क्रीकांना कोणी विचारले नाही. पुढे १८३६ साली त्यांतील सहस्रावधी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या त्या हमीला तेव्हा अर्धशतकही लोटले नव्हते.