सूर्यबस कोणाच्या मालकीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांनी कल्पकतेने घडविलेले यंत्र अखेरीस कोणाच्या सेवेला लागते, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच मालकीचाही आहे. हे मी दोन उदाहरणांनी मांडणार आहे.

पहिले हॉलंडचे. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांची ‘स्टेला’ ही चार आसनांची सौर मोटार २०१३ साली ऑस्ट्रेलियातील सौर वाहनांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली आली. पुढे त्या परंपरेतील तरुणांनी २०१६ मध्ये ‘लाइटइयर’ कंपनी काढली. त्यांच्या पहिल्या मोटारीची किंमत अडीच लाख युरो होती! जानेवारी २०२३ मध्ये उत्पादन थांबले आणि उत्पादन करणारी उपकंपनी दिवाळखोरीत गेली. बुद्धी कमी पडली नव्हती. त्या बुद्धीला गिऱ्हाईक मात्र धनिकांतच शोधावे लागले.

दुसरे उदाहरण युगांडाचे. कंपालाच्या मॅकेरेरे विद्यापीठातील विद्यार्थी व अध्यापकांनी २०११ साली ‘किइरा’ ही विजेवर चालणारी दोन आसनांची मोटार तयार केली. सरकारने पैसा पुरविला आणि पुढे सरकार व विद्यापीठ यांच्या मालकीची किइरा मोटर्स उभी राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिने ३५ आसनांची ‘कायूला’ सौर बस लोकांपुढे आणली. कंपालाचा सामान्य माणूस मुख्यतः खासगी मिनीबस आणि भाड्याच्या मोटारसायकलींवर अवलंबून असतो. त्या शहरात बसचा विचार होणे, हा सार्वजनिक मालकीने दाखविलेला विवेक होय.

परंतु भाबडेपणा नको. छपरावरील सूर्याने बस चालते का, याचा हिशेब करू. बसच्या छपरावर सुमारे २० चौरस मीटर जागा मिळते. तेवढ्या पट्ट्यांतून चांगल्या उन्हात दिवसाला साधारण २० युनिट वीज निघेल. किलोमीटरला एक युनिट धरले, तर धाव सुमारे २० किलोमीटर! शहरी बस दिवसाला दीडदोनशे किलोमीटर धावते. म्हणूनच ‘कायूला’च्या रचनेत छपरावरील पट्ट्यांखेरीज बाहेरून वीज भरण्याची सोय होती. तात्पर्य, खरी सौर बस म्हणजे आगाराच्या छपरावर वीज निर्माण करणारी व्यवस्था. ती चार हुशार विद्यार्थ्यांच्या ‘उद्योजकते’ने उभी राहत नाही, त्यासाठी आगारे, जमीन आणि दीर्घ मुदतीचे भांडवल लागते.

सरकारी मालकी म्हणजे समाजवाद, असेही मी म्हणणार नाही. युगांडात १९८६ पासून एकच अध्यक्ष सत्तेवर आहेत. लोकांना जाब विचारता येत नसेल, तर सार्वजनिक कारखानाही सत्ताधाऱ्यांच्या मिरवणुकीचा रथ होतो.

आता आपल्या दाराशी येऊ. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. मात्र त्यानंतर हजारो विद्युत गाड्या कंत्राटदारांकडून किलोमीटरच्या दराने भाड्याने घेण्याचा करार झाला. गाडी कंत्राटदाराची, प्रवासी महामंडळाचे! अशाने दुरुस्तीचे ज्ञान आणि कामगारांचे कसब कोणाकडे साचणार?

आपली मागणी अशी असावी : एस.टी.च्या कार्यशाळा अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात, आगारांच्या छपरांवर सौर वीज निर्माण करावी आणि त्यातून निघालेले ज्ञान सार्वजनिक मालकीचे ठेवावे. आपल्या तालुक्याच्या आगारापासून, तेथील कामगारांना सोबत घेऊन, ही मागणी सुरू करा.