विद्यार्थिनींच्या नौकाशर्यती

नागपूरकरांना तलाव नवे नाहींत. नाग नदीच्या पाण्याला बांध घालून झालेल्या अंबाझरीनें पुष्कळ वर्षें शहराची तहान भागविली, आणि फुटाळ्याच्या काठीं संध्याकाळीं फिरावयास जाणें हा कित्येक कुटुंबांचा परिपाठच आहे. परंतु पाण्यावर होडी दिसली म्हणजे मनांत येतो तो नौकाविहार. शर्यत सहसा कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. त्यांतून होडींत मुली असल्या, तर पाहणारा ‘काय सुंदर दृश्य!’ एवढेंच म्हणून मोकळा होतो, ‘किती मिनिटांत?’ हें कोणी विचारीत नाहीं. स्त्रियांच्या नौकाशर्यतींचा इतिहास म्हणजे त्या उद्गाराकडून या प्रश्नाकडे झालेला प्रवास होय, आणि त्याचा बराचसा भाग महाविद्यालयांतील विद्यार्थिनींनीं आपल्या बाहुबळावर पार केला आहे.

अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ वेल्स्ली नांवाचें स्त्रियांचें एक महाविद्यालय आहे. तें १८७५ सालीं सुरू झालें. अभ्यासाच्या ताणानें मुलींची प्रकृति कायमची बिघडते असें मत त्या वेळीं प्रचलित होतें; बोस्टनच्याच डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनीं १८७३ सालीं त्या मताच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिलें आणि तें हातोहात खपलें. वेल्स्लीचे संस्थापक हेन्री डुरँट यांनीं या आक्षेपाला वादानें उत्तर देण्यापेक्षां कृतीनें देणें पसंत केलें. महाविद्यालयाच्या आवाराला लागूनच वाबान नांवाचें सरोवर होतें. त्यावर होड्या आल्या आणि मुली वल्हवूं लागल्या. मात्र होड्या जड व रुंद, पोषाख पायघोळ, आणि वाखाणणी व्हावयाची ती डौलाची. कोणती नाव पुढें गेली यापेक्षां कोणत्या नावेंतील मुली अधिक ऐटीनें बसल्या होत्या, याला महत्त्व असे.

ही समजूत अमेरिकेपुरतीच होती असें नाहीं. इंग्लंडांत ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यार्थिनींचा पहिला सामना १९२७ च्या मार्च महिन्यांत ऑक्सफर्ड येथें झाला. दोन्ही नावांना एकाच वेळीं पाण्यांत उतरूं दिलें नाहीं! प्रवाहाबरोबर जातांना वल्हवण्याची शैली तपासली गेली आणि उलट येतांना वेग मोजला गेला. काठावर गर्दी मोठी जमली होती. तींत कौतुकापेक्षां कुचेष्टा करणारेच पुष्कळ होते. ज्या टेम्स नदीवर पुरुषांची शर्यत दरवर्षीं होते, त्याच मार्गावर, त्याच दिवशीं स्त्रियांची शर्यत व्हावयास २०१५ साल उजाडावें लागलें.

शैलीला गुण दिले तर बिघडलें कोठें, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर नावेच्या रचनेंतच आहे. आठ वल्ह्यांची शर्यतीची नाव सुमारे साठ फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. आठ जणी एकीपाठीमागें एक बसतात. प्रत्येकीच्या हातीं एकच वल्हें, आणि जावयाच्या दिशेकडे आठहि जणींची पाठ! पुढें पाहणारी एकटीच, ती सुकाणूची सूत्रें हातीं धरणारी नववी मुलगी. बैठकी रुळांवर मागेंपुढें सरकतात, त्यामुळें खरा जोर हातांपेक्षां पायांतून येतो. एकीचें वल्हें क्षणभर आधीं पडलें तरी नाव कलते, आणि तिची चूक उरलेल्या सात जणींना भोंवते. क्रिकेटमध्यें एखादा फलंदाज एकटा सामना ओढून नेतो; येथें तसें होणें नाहीं. अशा नावेचा डौल निराळा दाखवावा लागत नाहीं, कारण आठ वल्हीं खरोखर एक झालीं म्हणजे तीच नाव वेगानेंहि जाते. परंतु डौलालाच बक्षीस ठेवलें कीं मुली पाहणाराकडे लक्ष देऊं लागतात, आणि पाण्याकडे त्यांचें दुर्लक्ष होतें.

या खेळाचा दुसराहि एक विशेष आहे. पोहणें किंवा टेनिस यांप्रमाणें तो लहानपणापासूनच शिकला पाहिजे असें नाहीं. महाविद्यालयांत आल्यावर प्रथम वल्हें हातीं धरणारी मुलगीहि उत्तम खेळाडू होऊं शकते. अनिता डीफ्रान्झ हें याचें उत्कृष्ट उदाहरण. कनेक्टिकट कॉलेज हें १९६९ पर्यंत केवळ स्त्रियांचें असलेलें एक छोटें महाविद्यालय. तेथें १९७१ सालीं तिनें शर्यतीची नाव पाहिली आणि ती वल्हवावयास शिकली. पांचच वर्षांनीं, १९७६ सालीं, मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या नौकाशर्यती प्रथमच घेण्यांत आल्या. तेव्हां कांस्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकेच्या आठांच्या नावेंत ती होती. पुढें ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पहिली स्त्री उपाध्यक्ष झाली.

त्याच १९७६ च्या मार्च महिन्यांत येल विद्यापीठाच्या एकोणीस मुलींनीं एक अपूर्व गोष्ट केली. सरावानंतर पुरुष खेळाडू गरम पाण्यानें स्नान करीत आणि मुलींना मात्र ओल्या कपड्यांनिशीं थंडींत बसगाडींत त्यांची वाट पाहत बसावें लागे. क्रिस अर्न्स्ट हिच्या नेतृत्वाखालीं त्या मुली अधिकाऱ्यांच्या कचेरींत गेल्या. शिक्षणांत स्त्रीपुरुष असा भेद करण्यास मनाई करणारें १९७२ च्या कायद्याचें जें नववें प्रकरण, त्याचें नांव त्यांनीं आपल्या उघड्या पाठीवर लिहिलें होतें. हा मार्ग सर्वांनाच रुचेल असें नाहीं. पण त्यांच्या तक्रारींतील सत्य कोणास नाकारतां आलें नाहीं. तरीहि ऑलिंपिक शर्यतींत पुरुषांना दोन हजार मीटर आणि स्त्रियांना एकच हजार, हा भेद १९८४ पर्यंत टिकला. १९८८ पासून स्त्रियाहि पुरतें अंतर तोडूं लागल्या.

वेल्स्लीच्या मुलींनीं मध्यंतरीं डौलाचा मार्ग सोडून घड्याळाशीं गांठ घातली होती. त्यांचें वर्ष दोन हंगामांत विभागलेलें असतें. शरद ऋतूंत लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. त्यांत नावा एकामागून एक सुटतात आणि प्रत्येकीचा वेळ मोजला जातो. हिंवाळ्यांत सरोवर गोठतें, तेव्हां मुली घरांत वल्हवण्याच्या यंत्रावर घाम गाळतात. वसंतांत खरी कसोटी लागते: नावा शेजारीं शेजारीं उभ्या राहतात आणि दोन हजार मीटरांचा निकाल सुमारे सात मिनिटांत लागतो. अमेरिकेंत जीं महाविद्यालयें खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत त्यांची एक निराळी राष्ट्रीय स्पर्धा असते. तिच्यांत प्रत्येक संघाच्या दोन नावांचे गुण एकत्र धरतात. याचा अर्थ असा कीं पहिल्या आठ जणी कितीहि तरबेज असल्या तरी दुसऱ्या आठ जणी मागें पडून चालत नाहीं. अडीच हजारांहूनहि कमी विद्यार्थिनी असलेल्या वेल्स्लीनें ही स्पर्धा २०१६, २०२२ आणि २०२३ सालीं जिंकली. ज्या संस्थेंत मुलींचा केवळ डौल पाहिला जाई, तिनें दीडशें वर्षांच्या आंत राष्ट्राचें विजेतेपद मिळवावें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

आपल्याकडे ही विद्या अगदींच परकी आहे असें समजण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा आहे आणि तेथील विद्यार्थ्यांचा ‘रेगाटा’ पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. नाशिक जिल्ह्यांतील तळेगांव रोही या दुष्काळी गांवचा दत्तू भोकनळ सैन्यांत गेल्यावर वल्हवावयास शिकला आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत तेरावा आला. जेथें प्यावयास पाणी मिळण्याची मारामार, तेथील मुलगा हें करूं शकला, मग तलावांच्या शहरांतील मुलींनीं मागें कां राहावें? प्रतिमा पुहाणा आणि प्रमिला प्रभा मिंझ या ओडिशाच्या दोघींनीं २०१० सालीं ग्वांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत कांस्यपदक मिळवून भारतीय मुलींची पात्रता सिद्ध केलीच आहे.

अडचणी आहेत, त्या झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शर्यतीची नाव महाग असते. एकट्या महाविद्यालयाला ती परवडत नसेल तर चौघांनीं मिळून घ्यावी. दोन हजार मीटरांची सरळ वाट प्रत्येक तलावांत मिळत नाहीं. परंतु शर्यती पांचशें मीटरांच्याहि होतात. प्रत्येक मुलीला आधीं उत्तम पोहतां आलें पाहिजे, याबाबत सवलत नको. वैदर्भीय उन्हाळ्यांत सूर्य वर आल्यावर सराव करणें अशक्य, म्हणून तो पहांटेसच उरकावा लागेल. पावसाळ्यांत तलाव तुडुंब भरला म्हणजे यंत्रावरच भागवावें लागेल. पहांटे साडेचारला मुलीला घराबाहेर पाठवावें कीं नाहीं, हा आईबापांचा प्रश्नहि खरा आहे. तिला आणण्यापोंचविण्याची सोय आणि काठावर जबाबदार माणूस यांचें उत्तर ज्या संस्थेपाशीं नाहीं, तिनें या कामांत पडूंच नये.

हें सर्व जुळून आलें आणि एखाद्या पहांटे नागपूरच्या एखाद्या तलावावर आठ वल्हीं एकदम पाण्यांत पडलीं, तर काठावर फिरावयास आलेल्या मंडळींनीं त्या मुलींसाठीं एवढेंच करावें: दृश्याची तारीफ मनांतच ठेवावी, आणि नाव काठाला लागतांच विचारावें, ‘आज किती वेळ लागला?’