वाळवंटावरची आकाशवाणी

नेवाडाच्या वाळवंटातील ज्या प्रदेशात १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या झाल्या, त्याच्या सीमेबाहेर हौशी निरीक्षक दुर्बिणी घेऊन बसतात. चार पंख्यांचे हर्क्युलीस विमान त्यांना नवे नाही. परंतु शेपटाच्या दोन्ही अंगांस फुलीसारखे एरियल, पंखांखाली पिंपासारखे लांबट फुगवटे आणि मध्यम लहरींसाठी वजन बांधून खाली सोडलेली तार, एवढे दिसले की जाणकार ‘कमांडो सोलो’ हे नाव घेत. हे विमान बाँब टाकीत नसे. ते आकाशातून रेडिओचे व दूरदर्शनचे कार्यक्रम प्रक्षेपित करी. (आपल्या ‘आकाशवाणी’ या शब्दाचा इतका शब्दशः अर्थ मला अन्यत्र आढळलेला नाही.) त्याचे अखेरचे प्रक्षेपण सप्टेंबर २०२२ मध्ये झाले.

या विमानाने २००१ साली अफगाणिस्तानावरून दारी व पश्तू भाषांत निवेदने ऐकविली. तेव्हा अमेरिकी विमानांनी टाकलेली अन्नाची पाकिटे पिवळी होती, आणि क्लस्टर बाँबमधील न फुटलेले गोळेही पिवळेच. दोहोंतील फरक भुकेल्या लोकांना रेडिओवरून समजावून द्यावा लागला. ते निवेदन ज्या अनुवादकाने लिहिले असेल, त्याच्या मेजाशी मी मनाने अनेकदा जाऊन बसतो. पुढे पाकिटांचा रंग निळा करण्यात आला.