इच्छा आणि लुळा हात

पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातामागे इच्छा उरलेली नसते असे नाही. इच्छा मेंदूत उमटते. तिची स्नायूंकडे जाणारी वाट मात्र उद्ध्वस्त झालेली असते. ही इच्छा बाहेरून ओळखता येते. मानवी मेंदूची विद्युत्स्पंदने हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम नोंदविली. ती संगणकाशी जोडण्याची कल्पना जाक विदाल यांनी १९७३ मध्ये मांडली. हात हलविण्याचा नुसता विचार केला तरी मेंदूवरील एक विशिष्ट लय क्षीण होते. संगणक ती खूण हेरतो आणि हाताला बांधलेले यंत्र बोटे उघडते.

बोटे यंत्रानेच उघडावयाची, तर मेंदूला विचारावयाचे कशाला? ही शंका रास्त आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे जुन्या पक्षाघाताच्या ३२ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. व्यायामोपचार सर्वांना सारखेच होते. एका गटात यंत्र इच्छेची खूण मिळताच हाले. दुसऱ्यात वाटेल तेव्हा हाले, आणि रुग्णांना याची कल्पना नव्हती. पहिल्या गटाची हालचाल सरासरी सुमारे ३.४ गुणांनी सुधारली. दुसऱ्याची तशी सुधारली नाही. इच्छा आणि हालचाल यांची वेळ जुळणे, हेच औषध ठरले. अर्थात एवढ्या गुणांनी सदऱ्याचे बटण लावता येईलच असे नव्हे.

अमेरिकेत २०२१ साली अशा एका उपकरणास शासकीय मान्यता मिळाली. वैद्याच्या सल्ल्याने ते घरीही वापरता येते. आणि त्यात खूण घेतली जाते ती मेंदूच्या इजा न झालेल्या बाजूवरून.