धूरफवारणी : उपाय आणि अपाय



पावसाळ्यात गल्लीबोळांतून धूरफवारणीचे यंत्र फिरू लागले की डासांचा बंदोबस्त झाला, असा नागरिकांचा समज होतो. मुले तर त्या धुरामागे धावत सुटतात. हा समज दूर होणे अगत्याचे आहे.

या धुरासाठी मॅलॅथिऑनसारखी कीटकनाशके बहुधा डिझेलमध्ये मिसळून वापरली जातात. मॅलॅथिऑन मज्जासंस्थेवर आघात करते. ते अधिक प्रमाणात शरीरात गेल्यास डोकेदुखी, मळमळ व धाप लागणे असे विकार जडतात. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना बहुधा कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांत केली. मधमाश्या व मासे यांनाही ते घातक आहे. डासांच्या अळ्या फस्त करणारे गप्पी मासेही त्याला अपवाद नाहीत.

शिवाय धुराने मरतात ते केवळ उडणारे डास. पाण्यातील अळ्या जिवंतच राहतात आणि काही दिवसांतच नवे डास बाहेर पडतात. मराठवाड्यात पाणी साठविणे अपरिहार्य आहे. पण डेंग्यूचा डास वाढतो तो याच रांजणांत व टाक्यांत. त्याची अंडी भांड्यांच्या कडांना चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत व पाणी भरल्यावर झाकून ठेवावीत.

साथीच्या प्रसंगी धूरफवारणी करणे भागच पडते. त्या वेळी अन्नपाणी झाकावे. मुले, गर्भवती स्त्रिया व दमेकरी यांना धुरापासून दूर ठेवावे. फवारणी करणाऱ्या कामगारांनीही मुखपट्टी व हातमोजे वापरलेच पाहिजेत.

धूर हा साथीपुरता उपाय आहे. कोरडा दिवस हा बारमाही उपाय आहे.