डांबरातले थोराड रेणू

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधला. त्याचं कौतुक अजून चालतं. बाकीच्या रस्त्यांबद्दल न बोललेलं बरं!

या रस्त्यांवरचं डांबर खनिज तेलातून येतं, कोळशापासून मिळणारं पिच हा त्याच्यासारखाच काळा पदार्थ वेगळा. पण दोन्हींत बेंझिनसारखी कडी एकमेकांना जोडून झालेले थोराड रेणू असतात. ते ओळखणं कठीण. मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या नेहमीच्या वायू-वर्णलेखनात (गॅस क्रोमॅटोग्राफी) नमुन्याची वाफ करावी लागते, आणि हे रेणू वाफ होण्याआधीच तुटतात. म्हणून आधी द्रावकं वापरायची. डांबरात भरपूर हेप्टेन ओतलं की अस्फाल्टीन हा काळपट भाग खाली बसतो. टोल्युइनमध्ये मात्र तो विरघळतो. कोळशाच्या पिचमधला काही भाग टोल्युइनलाही दाद देत नाही, त्याला क्विनोलिन लागतं. तरीही थोडा गाळ उरतोच.

मग लेसरच्या झोताने रेणू उडवून त्यांचं वस्तुमान मोजतात. इथे शास्त्रज्ञांची बरीच वर्षं फसगत झाली. अस्फाल्टीनचे रेणू एकमेकांवर चळत रचून बसतात, आणि जुन्या पद्धती अख्खी चळतच मोजायच्या. त्यामुळे रेणुभार हजारांत, कधी त्याहूनही बराच जास्त यायचा. आता तो सरासरी ७५०च्या आसपास मानतात, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या साधारण चाळीसपट.